एकच आकडा तर चुकलाय, मॅडम

"एकच आकडा तर चुकलाय, मॅडम." काल संध्याकाळी आमच्या नेहमीच्या दवाखान्यातल्या असिस्टंटने हे वाक्य मला ऐकवलं आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही. रात्रभर झोप नाही. हे लिहून टाकल्याशिवाय आज दुसऱ्या कशाला हात लावणार नाहीये मी.

टिप्या म्हणजे आमचा कुत्रा, त्याला घेऊन आम्ही जर्मनीला राहायला जाणार आहोत. त्याच्या रेबीज टायटरचा, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते सांगणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला होता, जर्मनीतल्या लॅबमधून. प्रतिकारशक्तीचं प्रमाण ०.५ असलं तरी पुरतं, टिप्याचं त्याच्या कितीतरी वर. मी त्याला उचलून घरभर फिरवलं. मग त्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर ताडून बघायला बसले. पंधरा आकडे, मला झोपेत उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. बाराव्या जागी तीन पाहिजे. रिपोर्टवर आठ.

का आठ? कारण रक्त काढलं त्या दिवशी दवाखान्याच्या स्कॅनरची बॅटरी उतरली होती. "असू दे, नंबर आपल्याकडे आहे ना," म्हणून असिस्टंटने तो रजिस्टरमधून हाताने उतरवला. रजिस्टरमध्ये कुणीतरी गिचमिड अक्षरात इंग्रजी तीन असा काढलाय की त्याचं तोंड जवळजवळ बंदच झालंय. याने तो आठ वाचला. अहो, टिप्याचं लसीचं पुस्तक त्याच टेबलावर उघडं पडलं होतं! त्यात चिपचा बारकोडवाला स्टिकर चिकटवलेला आहे, स्वच्छ छापील आकड्यांचा. तो स्टिकर असतो कशासाठी? नळीवर तोच चुकीचा नंबर, फॉर्मवरही तोच. सिरम थंड पॅकमध्ये घालून, कुरिअरचे हजारो रुपये भरून आम्ही जगात अस्तित्वातच नसलेल्या एका कुत्र्याची प्रतिकारशक्ती तपासून आणली.

लॅबला मेल केला. त्यांचं उत्तर लगेच आलं, सरळ आणि सभ्य. नमुना ज्या नंबराखाली आला त्याच नंबराचा रिपोर्ट मिळेल, दुरुस्ती हवी असेल तर नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चूक कशी झाली ते सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं, मग विचार करू. एवढंच. एक पत्र, चार ओळी. ते घ्यायला मी काल दवाखान्यात गेले. अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "लेटरहेडवर चूक लिहून देता येणार नाही. उद्या माझ्यावर येईल." आणि वर असं म्हणाले जणू उपकारच करतायत, "आपण परत सॅम्पल घेऊ. आमची फी नका देऊ, फक्त लॅबचे आणि कुरिअरचे द्या."

फक्त!

पैशाचं मी गिळलं असतं हो. पण भारतातून युरोपियन युनियनमध्ये कुत्रा न्यायचा तर तीन महिने थांबावं लागतं आणि ते तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात. रिपोर्टच्या नाही, लसीच्याही नाही. म्हणजे माझं जानेवारीतलं रक्त बाद. आज काढलं तरी मे उजाडणार. मे महिन्यात पुण्या-मुंबईतून कुत्र्याला विमानाच्या पोटात घालायचं? कडक उन्हाळ्यात अनेक विमान कंपन्या जनावरं घेतच नाहीत, आणि घेतली तरी त्या तापलेल्या धावपट्टीवर मी त्याला ठेवू देणार नाही. म्हणजे पाऊस पडेपर्यंत थांबा. आमचं तिकीट एप्रिलचं आहे. घर एप्रिलअखेर सोडायचंय, मालकांनी नवा भाडेकरूसुद्धा ठरवलाय. नवरा दिवाळीपासून स्टुटगार्टात एकटा राहतोय आणि त्याने घर शोधताना प्रत्येक घरमालकाला आधी कुत्र्याचं विचारलंय. माझी जॉइनिंग डेट कंपनीने एकदा पुढे ढकलून दिली आहे.

"मग तुम्ही पुढे जा, कुत्रा मागून पाठवू," असं त्या असिस्टंटने सुचवलं. नियम वाचलाय का कधी? मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत कुत्रा पोचला तर तो घरचा पाळीव प्राणी. सहाव्या दिवशी तो व्यापारी माल, त्याचे कागद वेगळे, तपासण्या वेगळ्या, खर्च वेगळा. टिप्या आमच्या घरात वाढलाय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजलेलं, मुठीएवढं पिल्लू होतं ते, दुधाच्या पिशवीतून वर आणलं होतं. तो माल नाही.

आणि "एकच आकडा" म्हणजे काय ते मी त्या मुलाला काल ओरडून सांगितलं, इथेही सांगते. फ्रँकफर्टला उतरल्यावर आधी स्कॅनर फिरवतात. चिप आणि कागद जुळले नाहीत तर कुत्रा परत पाठवतात, नाहीतर मालकाच्या खर्चाने अलग कोंडून ठेवतात, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून त्याला मारण्याची तरतूद युरोपच्या नियमात लिहिलेली आहे. २०१३ च्या ५७६ क्रमांकाच्या नियमात ३५ वं कलम हेच सांगत होतं, जाऊन वाचा. तो एक आकडा माझ्या कुत्र्याच्या जिवाचा आहे. आणि हा मुलगा काउंटरवर मोबाइल चाळत मला सांगतो, एकच तर चुकलाय!

नियमांवर माझा राग नाही. आपल्याकडे रेबीजने माणसं मरतात, केंद्र सरकारला २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा कार्यक्रम आखावा लागलाय. ज्यांच्याकडे तो जवळजवळ उरलेला नाही त्यांनी काळजी घेणारच. लसीआधीच लागण झाली असेल तर ती या तीन महिन्यांत बाहेर पडावी, हे पटण्यासारखं आहे. जपान तर १८० दिवस थांबवतं. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही, आधी तिसऱ्या देशात ठेवा म्हणतं. अमेरिकेने २०२४ च्या ऑगस्टपासून नियम आवळले. ब्रिटनला विमानाने नेताना कुत्रा कार्गोनेच न्यावा लागतो. सगळं मान्य. नियम लिहिलेले आहेत, वाचता येतात, पाळता येतात. पाळू देत नाहीत ती आपली इथली माणसं. चिप आधी, मग लस, मग किमान तीस दिवसांनी रक्त. एवढा साधा क्रम सांगायला मला कागद छापून न्यावा लागला, आणि तो बघून पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावरच चिडले, "आम्हाला शिकवू नका."

त्याच पहिल्या दवाखान्याने मला निळ्या कव्हरचं, वर सोनेरी अक्षरांत 'पेट पासपोर्ट' छापलेलं पुस्तक विकलं होतं. म्हणाले, हे असलं की जगात कुठेही चालतं. कुठेही चालत नाही! युरोपचा पासपोर्ट युरोपातलाच अधिकृत डॉक्टर देतो. इथून जाताना लागतो तो आरोग्य दाखला, अ‍ॅनिमल क्वारंटाइनच्या सरकारी डॉक्टरच्या सहीचा, आणि त्यावर दहा दिवसांत तिथे पोचावं लागतं. ते निळं पुस्तक विकून लोकांना गाफील ठेवणं हा धंदा आहे आणि तो बंद झाला पाहिजे.

मग कुत्री परदेशी पोचवून देणारे एजंट. पहिल्या फोनवर एक आकडा, कोटेशनमध्ये त्याच्या दीडपट, आणि खाली बारीक अक्षरात "पिंजरा वेगळा". सारखं "पेट पॅरेंट, पेट पॅरेंट" करत गोड बोलायचं आणि टिप्याचा फोटो बघून विचारायचं, "मॅडम, ब्रीड कुठलं? गावठी आहे? मग एवढा खर्च करणार?" लॅब्रॅडॉरच्या जिवाला भाव आणि माझ्या गावठ्याच्या जिवाला नाही? आमच्या हवेत, आमच्या मातीत घडलेला, आजवर एकदा सोडून कधी आजारी न पडलेला कुत्रा आहे तो. पुण्याच्या उन्हात हस्की ठेवून त्याच्यासाठी दिवसरात्र एसी लावणाऱ्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

पिंजऱ्याचं तर काय सांगू. दुकानदाराने माप घेताना टिप्याचे कान हाताने खाली दाबले. उभ्या कानांचा कुत्रा आहे, माप जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत घ्यायचं असतं, त्याला आत मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे. मी म्हटलं कान सोडा. तो म्हणाला, "प्रवासात कान खालीच असतात, वहिनी." खाली असतात कारण तो घाबरलेला असतो! म्हणून त्याला लहान पिंजऱ्यात कोंबायचं? वर प्लॅस्टिकच्या खटक्यांचाच पिंजरा गळ्यात मारत होता, "सगळे हाच नेतात." खटका तुटून दार उघडलं तर विमानतळावर कुत्रा कोण पकडणार आहे? नटबोल्टचा हवा म्हटलं तर तोंड वाकडं.

आणि सल्ले! "झोपेचं औषध दे, त्याला कळणारही नाही." नका देऊ, कुणीही देऊ नका. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडतो, आणि तिकडे वर बघायला कुणी नसतं. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही गुंगी देऊ नका म्हणते. त्याऐवजी आम्ही कित्येक आठवडे त्याला पिंजऱ्यात जेवायची, झोपायची सवय लावली. आता तो दुपारी स्वतः जाऊन त्यात झोपतो, माझी जुनी ओढणी तोंडाखाली घेऊन. इतकी मेहनत त्या जिवाने केलीय, आणि आम्हा माणसांना पंधरा आकडे नीट उतरवता येत नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी परवा लिफ्टमध्ये भेटले. "बरं झालं, जाताय म्हणजे लिफ्टचा प्रश्न मिटला." पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचा कागद घेऊन यांना मी दोनदा दाखवलंय, तरी यांचं तेच. जून येईपर्यंत टिप्या त्याच लिफ्टने जाणार आहे, काका.

पण सगळ्यात जास्त कशाने भडकले असेन तर आत्याच्या फोनने. कालचा प्रकार ऐकून ती म्हणाली, "अगं, तिकडे काय कुत्र्यांची कमी आहे? याला कुणालातरी देऊन टाक, तिकडे दुसरं आण." आत्या माझी लाडकी आहे, तिला मी उलटून बोलत नाही. काल बोलले. दुसरं आण म्हणजे काय? माझं बाळंतपण फसलं तेव्हा महिनाभर जो माझ्या पायाशी हलला नाही, तो दुसरा कुठून आणू?

हे "देऊन टाक" मी सारखं ऐकतेय. दर उन्हाळ्यात तेच मेसेज फिरतात, "रीलोकेट होत आहोत, गुड होम हवं आहे, अर्जंट." आठ-आठ वर्षांचे लॅब्रॅडॉर, घराबाहेर एक रात्र न काढलेले. मी ज्या शेल्टरला शनिवारी जाते तिथे एक गोल्डन रिट्रीव्हर आहे, पट्ट्यासकट गेटला बांधून लोक परदेशी निघून गेले. गाडीचा आवाज आला की तो अजून उठून उभा राहतो. ज्यांना खरंच शक्य नव्हतं त्यांनी आधीपासून चांगलं घर शोधलं, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. ज्यांनी व्हिसाच्या अर्जासाठी सहा महिने दिले आणि कुत्र्याच्या कागदांसाठी एक फोनही केला नाही, त्यांच्याबद्दल बोलतेय. हौस म्हणून आणायचा, दारात स्टेटस म्हणून बांधायचा, आणि स्वतःचं भलं झालं की सोडायचा. हे पाप आहे, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आज सकाळी एका नव्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टरबाईंनी मी काही बोलायच्या आधीच सांगितलं, "आधी चिप स्कॅन करू, नंबर तुम्ही मोठ्याने वाचा, नळीवर स्टिकर लावू, मगच सुई." एवढंच तर हवं होतं! उद्या दहाची वेळ दिलीय. नंबर चुकवणाऱ्या दवाखान्याला लॅबची, कुरिअरची आणि तिकीट बदलायची सगळी बिलं जोडून लेखी तक्रार पाठवतेय. पत्र देत नसतील तर पैसे द्यावे लागतील, आणि तेही देणार नसतील तर ग्राहक आयोगात जाईन. घरमालकांशी बोलले, ते जूनपर्यंत थांबायला तयार नाहीत, तर मधले महिने टिप्याला घेऊन आईकडे साताऱ्याला राहणार. कंपनीला मेल टाकलाय की जूनच्या आधी येऊ शकत नाही, आणि कारणही खरं तेच लिहिलंय. नाही म्हणाले तर दुसरी नोकरी शोधीन.