दोन खोल्या, शंभर वॅट

घरी गिटार रेकॉर्ड करायची तर एक गोष्ट आधी पक्की ठरवा: आवाज खरा हवा. खरा म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांतून, म्हणजे व्हॉल्व्हमधून तापून आलेला, स्पीकरच्या लाकडी पेटीतून, म्हणजे कॅबिनेटमधून निघालेला आणि समोर माईक टांगून पकडलेला. लॅपटॉपला गिटारची वायर जोडून जे ऐकू येतं त्याला 'प्रोसेसर' म्हणायचं, आणि म्हणताना ओठ किंचित वाकडे करायचे. तो चांगला वाजतोय असं कोणी म्हणालंच, तर "हो, पण त्यात जीव नाही" एवढं बोलून खिडकीबाहेर बघा. जीव मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे या मुद्द्यावर तुम्ही कधीच हरत नाही.

अ‍ॅम्प (गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) शंभर वॅटचाच घ्या. दुकानदार पाच वॅटचा दाखवेल, पंधराचा दाखवेल. घरासाठी पुरे म्हणेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आपण कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो, हेही त्याला सांगायची गरज नाही. हिशेब तसा सोपा आहे. सेलेशनच्या व्हिंटेज ३० सारख्या स्पीकरला नुसता एक वॅट दिला, तरी एक मीटरवर साधारण १०० डेसिबल आवाज येतो. शंभर वॅट दिले तर त्यावर आणखी वीस. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल म्हणतात. म्हणजे पाच वॅटवाला आणि शंभर वॅटवाला दोघंही कायद्याच्या एकाच बाजूला उभे आहेत. मग कंजुषी कशाला?

अडचण एकच. असे अ‍ॅम्प गोड वाजतात ते त्यांच्यातले ईएल३४ जातीचे व्हॉल्व्ह घाम गाळू लागल्यावर. तुम्ही पैसे मोजलेत ते त्या घामाचे, आणि घाम यायच्या कितीतरी आधी सोसायटीचे सेक्रेटरी येतात. म्हणून व्हॉल्यूमचा नॉब शून्य आणि एकच्या मध्ये, जिथे तो एकदम काहीच नाही किंवा एकदम फार असतो, तिथे ठेवायला शिका. केसाएवढा फिरवायचा. बोटाला वळण लागायला एक पावसाळा जातो.

कॅबिनेट बेडच्या बॉक्समध्ये, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांच्या मधोमध बसवण्याचाही प्रकार आहे. मोठ्या स्टुडिओत याची वेगळी बंद पेटी मिळते. गाद्यांतला आवाज थोडा कोंदट येतो, पण खरा येतो. काहींना याहून पुढची युक्ती सुचते: स्पीकरची वायरच काढून ठेवावी आणि अ‍ॅम्प निवांत चालू द्यावा. जरूर करून बघा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला लोड मिळाला नाही की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो नीट गुंडाळून देणारा कारागीर शोधण्यात दिवस फार छान जातात. त्याच ओघात व्हॉल्व्हचाही शोध सुरू करा. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाची निर्यात अडली, तेव्हा शयनगृहात गिटार वाजवणाऱ्यांना परराष्ट्र धोरण पहिल्यांदा कळलं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेले १२एएक्स७ व्हॉल्व्ह कुठे जुन्या रेडिओच्या दुकानात मिळाले तर घेऊन ठेवा. वाजवू नका, आल्यागेल्याला दाखवा.

माईक शूअरचा एसएम५७. हा १९६५ पासून आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष भाषणाला उभे राहतात ते याच्याच समोर, आणि जगभरातल्या गिटार अ‍ॅम्पसमोर लोंबतो तोही हाच. स्पीकरच्या बरोबर मध्यावर धरला तर आवाज कानात टोचतो, कडेकडे नेला तर मऊ होत होत मंदावतो. दोहोंत अंतर चार-पाच बोटांचं. या चार-पाच बोटांत माणसाचं उमेदीचं वय आरामात मावतं. माईक नखभर सरकवा, दुसऱ्या खोलीत जाऊन हेडफोन लावा, ऐका, परत या, नखभर उलट सरकवा. "अरे, काय हरवलंय?" असं आई विचारेल. उत्तर देऊ नका.

एवढ्यावर भागत असेल तर दुसरा माईक आणा. इथे खरी मजा आहे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तुमचे दोन माईक स्पीकरपासून १७ सेंटिमीटरच्या फरकाने असले, तर एकाला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की १००० हर्ट्झच्या आसपासचं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. गिटारचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो. एका माईकने जे बरं चाललं होतं ते दोन माईकने बिघडतं, आणि ते सुधारण्यासाठी तिसरा लागतो. तो खोलीच्या कोपऱ्यात लावतात, 'खोलीची हवा' पकडायला. तुमच्या खोलीच्या हवेत कुकरच्या तीन शिट्ट्या, खालचा भंगारवाला आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीपात्रातली ढोलताशाची तालीम एवढं सगळं आहे. तेही पकडलं जाईल. (ढोलाबद्दल सेक्रेटरींची तक्रार नसते. त्यांचा मुलगा पथकात आहे.)

वाद घालायची वेळ येईलच, तेव्हा तयारी असू द्या. कोणी विचारेल, घराण्याचे गवईसुद्धा रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात, मग गिटारवाल्यांचंच काय सोवळं? त्याला "तो रियाज झाला" म्हणून गप्प करा. तुमचा हुकमी एक्का लेटन्सीचा. "लॅपटॉपमध्ये सहा मिलिसेकंद उशीर होतो, बोटांना कळतं," असं ठामपणे सांगा, आणि ते सांगताना स्वतःच्या अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहा, जिथे हवेतून आवाज यायला नऊ मिलिसेकंद लागतात. डोळे बांधून ऐकवायची चाचणी कोणी काढली, तर कुठला खरा आणि कुठला मॉडेलरचा, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली अ‍ॅम्पचा, हे आधी विचारून घ्या. मग फरक लगेच ऐकू येतो.

आणि तरीही हेडफोनमधला आवाज खोलीत उभं राहून ऐकलेल्या अ‍ॅम्पसारखा नाही, हे दुःख जपून ठेवा. लहानपणापासून कॅसेटवर, सीडीवर जी गिटार ऐकून तुम्ही वेडे झालात ती बहुतेक सगळी माईकमधूनच आलेली होती. तो अ‍ॅम्प खोलीत कसा वाजत होता हे तुम्ही कधी ऐकलेलंच नाही. ही गोष्ट मनाआड ठेवता आली तरच पुढे चालता येतं.

समजा, एक दिवस नोटीस आली आणि तुम्ही धर्म बदलून लॅपटॉपवाले झालात. काळजी नको, वेळ घालवण्याची सोय तिकडेही उत्तम आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लाइन ६ ने घेवड्याच्या आकाराचा लाल पॉड, म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करणारा डबा, काढला, तेव्हा त्याच्यात मोजके अ‍ॅम्प होते, आणि माणूस कंटाळून वाजवायला लागायचा. ती चूक आता कोणी करत नाही. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर फुकट आहे. कोणीही आपल्या अ‍ॅम्पमधून एक ठरावीक सिग्नल पाठवतो, बाहेर आलेला आवाज त्याला शिकवतो आणि त्याची नक्कल जगाला वाटून टाकतो. सगळ्या उतरवून घ्या. त्यावर कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबिनेट आणि माईकची नक्कल उतरवून घेतलेल्या फाइली: तोच स्पीकर, तोच एसएम५७, दर फाइलमध्ये एक सेंटिमीटर बाजूला. आधी तुम्ही माईक नखभर सरकवायचात, आता माउस सरकवा. गाद्या मोकळ्या झाल्या, हा एवढाच बदल.

अ‍ॅम्पच्या ज्या गुणगुणीपायी अर्थिंग बदललंत, वायरी बदलल्यात, इलेक्ट्रिशियनशी भांडलात, ती गुणगुण लाइन ६ च्या हीलिक्स मॉडेलरमध्ये मुद्दाम वाढवता येते. तिला वेगळा नॉब आहे. तो थोडा वर ठेवा, जीव येतो.

गिटारचा टेक मिळालाच तर बाकीच्या वाद्यांचं फारसं मनावर घेऊ नका. बेस गिटार सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत टोचा. कीबोर्डचा पियानो पुरे. गाणं सुरात नसेल तर सॉफ्टवेअर सुरात आणतं, त्याची चर्चा कोणी करत नाही. ड्रम मात्र खरे नकोच. केवढा आवाज होतो त्यांचा. लॅपटॉपमधला ड्रमर घ्या.