पाच टक्क्यांतला माणूस

काल मी मफलर गुंडाळून तास घेतला. फळ्यावर 'उष्णतेचे वहन' लिहिताना हात थरथरत होता. पहिल्या बाकावरची मुलगी अतिशय मायेने म्हणाली, "सर, वयामुळे होतं का हो असं?" तास संपायच्या आत मी तक्रार नोंदवली.

दुपारी एसीवाला तंत्रज्ञ आला. त्याने आधी छतातल्या जाळीकडे पाहिलं, मग टॅबलेटकडे. माझ्याकडे नाहीच.

"इथे २६ आहे, सर. सेटिंग २४ चं. उलट अजून गार व्हायला हवं."

"अहो, मी कुडकुडतोय."

"तुम्ही कुडकुडताय ते बरोबर. पण आहे २६."

मी भिंतीवरचा थर्मोस्टॅट दाखवला. तीन वर्षं त्याचं बटण मनोभावे फिरवतोय. अधूनमधून गुणही येतो.

"तो होय! त्याची वायर कुठेच जात नाही."

"मग ठेवलाय कशाला?"

"लोकांना बरं वाटतं."

खरा सेन्सर पार्टिशनच्या पलीकडे निघाला. पूर्वी हा एकच हॉल होता. मधे भिंत घातली तेव्हा सेन्सर झेरॉक्सच्या खोलीत गेला आणि गार हवेची मोठी डक्ट आमच्याकडे राहिली. तिकडे मशीन तापतं, सेन्सरला उकडतं आणि गारठा माझ्या टाळूवर पडतो.

तसं हे परंपरेला धरूनच आहे म्हणा. एसीचा जनक मानल्या जाणाऱ्या विलिस कॅरियरने १९०२ साली आपली पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. सोय कागदाची झाली, माणसांचा नंबर नंतर लागला. आमच्याकडे तो अजून लागायचाय.

"सेन्सर इकडे घ्या ना."

"ड्रॉइंगमध्ये तिकडे आहे."

"भिंत आहे का ड्रॉइंगमध्ये?"

"भिंत आमच्याकडे येत नाही, सर. ती सिव्हिलकडे."

शिवाय हॉलचं गणित म्हणे ९० मुलांचं. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे ९० जणांचा झाला ९ किलोवॉटचा हीटर. माझ्या तासाला येतात ११. झोपलेला माणूस त्याहून कमी सोडतो, तो हिशोब मी त्याला सांगितला नाही. पण माणसं मोजून हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा मिळते की! ती बसवायची नाही, खिडक्या कायमच्या बंद करायच्या आणि वर आम्हाला वय विचारायचं. हा हॉल आखणाऱ्यांपैकी एकाला तरी इथे सलग दोन तास उभं करायला हवं होतं.

जाताना त्याने माझी समजूत घातली. "डेन्मार्कचे फँगर म्हणून होते, सर. त्यांच्या गणिताप्रमाणे कितीही चांगली हवा दिली, तरी शंभरात पाच जण नाराज राहणारच. तुम्ही त्या पाचांतले."

अकराचे पाच टक्के म्हणजे जेमतेम अर्धा माणूस. उरलेल्या साडेदहांनी जर्किनं का घातली होती, हे विचारेपर्यंत मोबाईलवर संदेश आला: 'दोष आढळला नाही. तक्रार बंद.'

आज प्रश्नपत्रिका काढायला झेरॉक्सच्या खोलीत गेलो. तिथले गृहस्थ वहीने वारा घेत बसले होते.

"सर, काय उकडतंय हो इथे! मी आत्ताच तक्रार टाकलीय. अजून गार करून देतो म्हणालेत."