‘एका दिवसात पॉलिसी’वाल्या मेसेजला एका एजंटाचं उत्तर

एजंटांच्या आणि आता गिऱ्हाइकांच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा भाचा. मजकूर थोडक्यात असा: खाजगी कंपनीत कागद लागत नाहीत, पॉलिसी एका दिवसात होते, एलआयसीत मात्र फायली आणि हेलपाटे. सरकारने १ ऑक्टोबर २०२४ पासून एजंटांचं कमिशन कापलं, म्हणून जुने एजंट आता फिरकत नाहीत. क्लेम रेशो (आलेल्या शंभर क्लेमपैकी किती दिले तो आकडा) ९९ टक्के असेल तर डोळे झाकून घ्या. आणि तीन वर्षं झाली की कुठलीही कंपनी क्लेम नाकारूच शकत नाही.

मी बावीस वर्षं हे काम करतोय. माझी एजन्सी एलआयसीची, बायकोच्या नावावर एका खाजगी कंपनीची. (एका एजंटाला आयुर्विम्याची एकच कंपनी चालते. त्यामुळे आमच्या धंद्यात बऱ्याच जणांच्या बायका कागदोपत्री एजंट असतात, हे उघड गुपित आहे.) म्हणजे दोन्हीकडचं कमिशन आमच्याच घरात येतं आणि दोन्हीकडच्या शिव्याही.

‘कागद लागत नाहीत’ हे आधी घेऊ. एलआयसीतही २०२० पासून ‘आनंदा’ ॲपवर मोबाइलमधून प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, भरता येतं. १ एप्रिल २०२४ पासून तर सगळ्याच कंपन्यांना पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी लागते. तेव्हा कागद एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ही तुलनाच शिळी झाली. खरा मुद्दा, प्रपोजलमधले तब्येतीचे प्रश्न गिऱ्हाइकाला वाचून दाखवले का, हा आहे.

बायकोच्या एजन्सीतली एक केस सांगतो. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, मालक ४४ वर्षांचे. कंपनीचा सेल्स मॅनेजर टॅब घेऊन आला, मीही बरोबर होतो. तब्येतीच्या प्रश्नांचं पान आलं तसं त्या पोराने अंगठ्याने वरपासून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ असं सटासट दाबलं. मालक ग्रीसने माखलेले हात पुसत होते. टेबलावर वेल्डिंगच्या चष्म्याशेजारी त्यांचा शुगरच्या गोळ्यांचा डबा होता. ओटीपी आला, त्यांनी मोठ्याने वाचून सांगितला, झालं. सात-आठ मिनिटं. मी समोर बसून चहा पीत होतो आणि गप्प बसलो. त्यात माझी चूक आहे आणि ती मी टॅबवर ढकलणार नाही.

चौदा महिन्यांनी ते हार्टअटॅकने गेले. हॉस्पिटलच्या पेपरवर पहिल्याच ओळीत ‘सहा वर्षांपासून मधुमेह’. मग जे कागद घेताना लागले नव्हते ते सगळे एकदम लागले: हॉस्पिटलचे इनडोअर केसपेपर, आधीच्या डॉक्टरांचे उपचाराचे कागद, मेडिकलवाल्याची बिलं, लॅबचे जुने रिपोर्ट. त्यांची बायको, आमच्या वहिनी, तीन महिने ते गोळा करत होत्या. क्लेम नाकारला गेला, भरलेले हप्ते तेवढे परत आले. कागदी फॉर्मवरही खोटं लिहितात, नाही असं नाही. पण एलआयसीचा ३०० नंबरचा प्रपोजल फॉर्म हाताने भरताना निदान गिऱ्हाईक विचारतं, ‘हे काय लिहिताय?’ टॅबवर ते विचारायलाही सवड मिळत नाही. आता मी एकच करतो: पॉलिसीची पीडीएफ आली की घरी जाऊन शेवटची पानं उघडून दाखवतो, तिथे प्रपोजलची प्रत असते. फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी तपासून नको असेल तर परत करायचे, ३० दिवस हातात असतात. चूक असेल तर ती तेव्हाच लेखी कळवायची.

‘एका दिवसात पॉलिसी’ होते, मी केलेली आहे. वय २६, पगार बँकेत, रक्कम लहान, मेडिकल नाही. अशी केस एलआयसीतही अडत नाही. पण ४६ वर्षांचा ऊस उत्पादक एक कोटीचा टर्म (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) मागतो तेव्हा बघा. मेडिकल तर आहेच, शिवाय उत्पन्नाचा पुरावा. आयटीआर नसतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. मग सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, तहसीलदाराचा दाखला. त्यात आधारवर नाव ‘सुनिल’, बँकेत ‘सुनील’ आणि सातबारावर आजोबांचं नाव अजून तसंच. इथे कुठल्याच कंपनीचा सर्व्हर धावत नाही, तलाठ्याकडे माणूसच धावतो.

नियमही सगळ्यांना एकच आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार चौकशी न लागणारा मृत्यूचा क्लेम १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढायचा, उशीर झाला तर बँक रेटवर २ टक्के जास्त व्याज द्यायचं. कंपनी किती चपळ, हे मला तरी या घड्याळावर मोजावंसं वाटतं. पॉलिसी मंगळवारी मिळाली की गुरुवारी, याने कुणाच्या घरात काय बिघडतं? आणि खात्यातून पैसे गेले म्हणजे पॉलिसी झाली असंही नाही. प्रपोजल मंजूर होईपर्यंत रक्कम यूपीआयने खात्यातच अडवून ठेवायची सोय मार्च २०२५ पासून आली आहे. ती मागा.

कमिशनबद्दलचा मुद्दा मात्र अर्धवट माहितीवर उभा आहे आणि त्यानेच एजंटांचं नाव जास्त खराब होतं. १ ऑक्टोबर २०२४ ला सरकारने कमिशनला हात लावला नाही. त्या तारखेपासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडण्याचे, नवे नियम लागू झाले: एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष संपलं की पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम परत द्यायची. आधी साधारण दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काही मिळत नसे. आता कंपनी पहिल्याच वर्षी एजंटाला घसघशीत देऊन बसली आणि गिऱ्हाईक तेराव्या महिन्यात बाहेर पडलं तर पैसा आणायचा कुठून? म्हणून कंपन्यांनी आपापलं गणित बदललं. काहींनी पहिल्या वर्षाचं कमी करून पुढे वाटलं, काहींनी पॉलिसी लवकर मोडली तर दिलेलं कमिशन परत कापायची अट घातली. त्याला आमच्यात क्लॉबॅक म्हणतात आणि तो शब्द निघाला की मीटिंगमधला चहा गार होतो.

एलआयसीत पहिल्या वर्षाचं, बोनस कमिशन धरून, ३५ टक्क्यांचं २८ झालं आणि पुढच्या वर्षांचं ५ चं ७.५, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांतही आले होते. ३० हजारांच्या हप्त्यावर मांडा: पहिल्या वर्षी १०,५०० ऐवजी ८,४००, म्हणजे २,१०० रुपये कमी. पुढे १,५०० ऐवजी २,२५०, म्हणजे दरवर्षी ७५० जास्त. असे तीन वाढीव हप्ते आले की फिटंफाट, आणि त्यानंतर फायदाच. म्हणजे या बदलात जुना, गिऱ्हाईक टिकवणारा एजंट तरतो आणि मार्चमध्ये टार्गेट मारून गायब होणारा मरतो. मेसेज नेमकं उलटं सांगतो. आम्हाला खरं लागलं ते वेगळंच: एलआयसीच्या न्यू एंडोमेंट या बचतीच्या पॉलिसीत विम्याची किमान रक्कम एक लाखाची दोन लाख झाली आणि घेण्याचं कमाल वय ५५ वरून ५० वर आलं. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंना लाखाची पॉलिसी परवडत होती. दोन लाखांचा हप्ता त्यांना झेपत नाही. यावर फॉरवर्ड कुणी काढत नाही.

बरं, ‘खाजगीत अमुक टक्के कमिशन’ म्हणून त्या मेसेजखाली जो तक्ता जोडलाय, त्यालाही अर्थ नाही. १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीनिहाय कमिशनची मर्यादा निघाली. कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत बसवून किती द्यायचं ते संचालक मंडळ ठरवतं. एकाच कंपनीत दोन प्लॅनचे दर वेगळे असतात. आणि ‘पहिल्या हप्त्यात सूट देतो’ म्हणणारा एजंट कुठल्याही कंपनीचा असो, विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे तो गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत.

क्लेम रेशोवर फार बोलत नाही. तो आकडा बहुधा संख्येचा असतो, रकमेचा नाही. लाख-दोन लाखांचे ९९ क्लेम दिले आणि एक कोटीचा एक नाकारला, तरी रेशो ९९ टक्केच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

राहिला तीन वर्षांचा मुद्दा, म्हणजे विमा कायद्याचं कलम ४५. तीन वर्षांनंतर चुकीच्या माहितीचं कारण देऊन, अगदी फसवणूक म्हणूनही, पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, हे खरंच आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीतली ती चांगली गोष्ट आहे. पण ही तीन वर्षं मोजायची कधीपासून? पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, रायडर (पॉलिसीवरचं जादा संरक्षण) जोडल्याची किंवा रिव्हायव्हलची, म्हणजे बंद पॉलिसी पुन्हा चालू केल्याची, यातली जी तारीख सगळ्यात शेवटची असेल तिथून. हप्ते थकून बंद पडलेली दहा वर्षांची जुनी पॉलिसी चालू केली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि रिव्हायव्हलला लागणारा ६८० नंबरचा तब्येतीचा फॉर्म लोक काउंटरवर कोराच सही करून देतात.

माझ्या भाच्याची पॉलिसी २०१७ ची, दोन वर्षं बंद होती. मेसेज पाठवला त्याच आठवड्यात त्याने ६८० सही करून माझ्याकडे दिला, सगळे रकाने रिकामे. मी फोन करून विचारलं, बीपीची गोळी कधीपासून चालू आहे? ‘मामा, ते लिहिलं तर मेडिकल लागेल का?’ म्हटलं, लागू शकेल. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग कुठल्या लॅबमध्ये जायचं ते विचारू लागला.