आधी वेगळी गाडी दाखवा, मग महिन्याचे १०० रुपये मागा

आई विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, मी गेली काही वर्षं बर्लिनमध्ये. रविवारी फोन होतो तेव्हा कचऱ्याचा विषय हमखास निघतो, कारण कांजूरमार्गचं डम्पिंग आमच्या घरापासून लांब नाही आणि मुंबईचा बहुतेक कचरा आता तिथेच जातो. रात्री वारा फिरला की वास घरात येतो, मग उकाडा असला तरी आई खिडक्या लावून घेते. पावसाळ्यात तर विचारूच नका.

२०२५ मध्ये महापालिकेने घनकचऱ्याच्या नवीन उपविधींचा मसुदा काढला आणि त्यात घराघरातून कचरा उचलायची फी घ्यायचा प्रस्ताव होता, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, त्याहून मोठ्याला ५००, खूप मोठं असेल तर १०००. तेव्हापासून आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा म्हणतो एक रुपया देणार नाही, आपण टॅक्स भरतो ना. काका म्हणतात द्यायलाच पाहिजे, आणि मग माझ्याकडे वळून, तुमच्या जर्मनीत बघ लोक कसे शिस्तीत वेगळा करतात, आपल्या लोकांना ती सवयच नाही.

मला दोन्ही पटत नाही.

आधी काकांचं. इथे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात डबे ठेवलेत, कागदाचा निळा, ओल्याचा तपकिरी, प्लास्टिक-टिनचा पिवळा, उरलेल्याचा काळा आणि काचेचे वेगळे. नवीन होतो तेव्हा मी भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीसकट तपकिरी डब्यात टाकली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला थांबवून समजावलं की ओल्यात प्लास्टिक सापडलं तर गाडीवाले तो डबा न उचलता जाऊ शकतात, मग तो साध्या कचऱ्याच्या दराने न्यावा लागतो आणि ते पैसे सगळ्या भाडेकरूंच्या हिशोबात येतात. म्हणजे शिस्त हवेतून आलेली नाही, चुकलं की खर्च येतो आणि नीट केलं की तो कचरा खरंच वेगळा जातो हे लोक डोळ्यांनी बघतात. आणि हे काही पिढ्यानपिढ्यांचं पण नाही हो. जर्मनीतला पॅकेजिंगचा नियम १९९१ चा, प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा डम्पिंगवर न्यायची बंदी २००५ पासून, ओला वेगळा गोळा करणं देशभर सक्तीचं झालं ते २०१५ मध्ये. आपले केंद्राचे नियम, ओला सुका आणि घरगुती घातक वेगळा करायचे, २०१६ मध्ये आले. फक्त एका वर्षाचा फरक!

आता आईकडे काय होतं ते सांगतो. ती ओला वेगळा ठेवते, सुका वेगळा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीवाल्याला देते, हे ती नियम यायच्या कितीतरी आधीपासून करतेय. सकाळी कचरा न्यायला माणूस येतो, त्याच्याकडे एकच ड्रम. दोन्ही बादल्या तिच्यासमोर त्याच ड्रममध्ये रिकाम्या होतात. त्याची काय चूक, त्याला ड्रमच एक दिलाय आणि खाली उभी राहणारी गाडीही एकच. शेजारच्या काकूंनी हे दोन-तीन महिने बघितलं आणि वेगळं करणं सोडून दिलं, त्यांना बेशिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि ओलं-सुकं एकत्र झालं की पुढचं सगळं बिघडतं. ओल्याने कागद भिजून वाया जातो, कचऱ्याचं काळं पाणी खाली झिरपतं, ढिगाच्या आत गॅस धरतो आणि मग आग लागते. मुंबईच्या जुन्या देवनार डम्पिंगवर १९२७ पासून कचरा पडतोय, तिथे २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या धुरात सगळ्यात जवळ कोण राहत होतं, तर जे आपलाच कचरा वेचतात तेच लोक.

म्हणून मुंबईत सवय नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी स्वतः हे करून दाखवलं होतं, त्यातून पालिकेची एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना आली, म्हणजे रहिवाशांनीच आपल्या गल्लीकडे बघायचं, ती १९९७ ची. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना वर्गीकरणाचं आणि खताचं ट्रेनिंग दिलं, रद्दीवाले भंगारवाले तर दारोदार फिरतात आणि घरच्या बाईला वर पैसे देऊन जातात. इथे बर्लिनमध्ये असं दारात येऊन कोणी रद्दी विकत घेत नाही. उलट इथे प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं आणि स्टेशनच्या कचरापेटीत हात घालून त्या बाटल्या शोधणारी म्हातारी माणसं मी रोज बघतो, तेव्हा इकडे सगळं सोन्याचं आहे असं कृपा करून समजू नका.

आता दादाचं. टॅक्स भरतो हे खरं, पण घरोघरी जाऊन उचलायचं, वेगळं न्यायचं, प्रक्रिया करायची याला खर्च येतोच, मी पण इथे भाड्याच्या वरच्या खर्चात कचऱ्याचे पैसे देतो आणि ते द्यायला मला जड जात नाही कारण वर्षाच्या सुरुवातीलाच कळतं कुठला डबा कुठल्या वारी जाणार. एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूची आहे, पिवळ्या डब्यातल्या पॅकेजिंगचा खर्च इथे माल बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या भरतात, तो कचऱ्याच्या फीमध्ये नसतो. आपल्याकडे पण उत्पादकांची जबाबदारी कागदावर आहे, पण फीची चर्चा झाली की सगळे २२० फुटांच्या घराकडेच बोट दाखवतात, वेफर्सच्या पाकिटावर ज्याचं नाव छापलंय त्याच्याकडे कोणी वळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा लागलाय. आधी दोन ड्रम, दोन गाड्या आणि ठरलेली वेळ द्या, तो ड्रम उचलणाऱ्याला हातमोजे आणि बरा पगार द्या, सहा महिने चालवून दाखवा आणि मग फी मागा.

आईला मी सांगितलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पालिकेचं कोणी आलं तर फी किती ते विचारू नकोस, ओल्याची गाडी कुठली, सुक्याची कुठली आणि किती वाजता येणार एवढंच विचार. याचं उत्तर मिळालं आणि गाडी खरंच आली तर तिचे १०० रुपये मी भरतो, आणि दादाचे पण.