लाल दगडाची सावली : ‘एक जुना वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या माझ्या सहा जलरंगचित्रांवर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वेळी मी ‘काकू, हौस म्हणून ठीक आहे’ या पहिल्याच वाक्यापाशी अडले, हे लपवत नाही. आपले नाव नाही, गाव नाही. ‘एक जुना वाचक’ एवढ्या ओळखीवर कोणाला काकू म्हणण्याइतकी जवळीक होत नाही. आणि ‘हौस’ हा शब्द आपल्याकडे बायकांच्या कामाला किती सहज चिकटवला जातो, याचा अनुभव मी एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून घेत आले आहे. टीका जरूर करावी. पण ती चित्रावर करावी, चित्र काढणारीच्या वयावर नव्हे.

आपली एक दुरुस्ती मात्र मान्य आहे. तिसऱ्या चित्राखाली मी ‘उत्तर कडा’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात ते दक्षिण कड्यावर बसून, उत्तरेकडे पाहून काढलेले आहे. ती ओळ बदलली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळते : ‘लाल दगडाची सावली गडद लालच असते, निळ्या-जांभळ्या सावल्या ही कॅलेंडरवाल्यांची युक्ती आहे.’ वाक्यातला ठामपणा पाहता आपण त्या कड्यावर महिनोन्महिने मुक्काम केला असावा, असे कोणालाही वाटेल. मी १९९८ पासून तिथल्याच ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला राहते. दक्षिण कडा इथून गाडीने साडेतीन तासांवर आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा मी तिथे रंगपेटी घेऊन जाते. त्याआधीचे सांगायचे तर, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर आम्हाला वाईच्या घाटावर नेऊन बसवत आणि सावलीतल्या पायरीचा रंग विचारत. ‘काळा’ असे उत्तर देणाऱ्याच्या हातातला ब्रश ते काढून घेत. ‘गडद लाल’ म्हणणाऱ्याचे त्यांनी काय केले असते, ते आपणच ठरवावे.

सावलीतल्या दगडाला सूर्य दिसत नाही, पण आकाश दिसते. त्याच्यावर जो काही उजेड पडतो तो मुख्यतः त्या निळ्या आकाशाचा असतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या त्या कोरड्या हवेत आकाश किती निळे असते, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय दोन कड्यांमध्ये सरासरी १६ किलोमीटर अंतर आहे. समोरची भिंत आपण तेवढ्या हवेतून पाहतो, त्या हवेचा निळसर पडदा मध्ये येतो आणि तो उजळ भागापेक्षा गडद भागावर जास्त जाणवतो. महाबळेश्वरच्या कोणत्याही पॉइंटवरून पलीकडच्या रांगा निळ्या दिसतात, तेव्हा तिथला काळा दगड निळा झाला असे कोणी म्हणत नाही.

दुसरे असे की, ज्याला आपण सरसकट ‘लाल दगड’ म्हणता त्यातली सर्वांत ठळक भिंत, म्हणजे रेडवॉल हा चुनखडक, मुळात राखाडी आहे. त्याच्या वरच्या हर्मिट आणि सुपाई या थरांतले लोह पाण्याबरोबर ओघळत आले आणि भिंतीवर लाल हात चढला. ताजा तुकडा फुटून पडला की आतला राखाडी रंग दिसतो. निसर्गाने जिथे स्वतःच राखाडीवर लाल ग्लेझ, म्हणजे रंगाचा पारदर्शक थर, दिलेले आहे, तिथे मी लालावर निळे दिले तर ती कॅलेंडरची युक्ती कशी ठरते?

तरीही डोळ्यांवर विश्वास नको म्हणून मी नेहमी राखाडी पुठ्ठ्याचा एक तुकडा जवळ ठेवते; त्याला पेन्सिलीने पाडलेले एक भोक आहे. एका जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास दक्षिण कड्यावरच्या यावापाई पॉइंटपाशी मी त्या भोकातून रेडवॉलची सावली पाहिली. आजूबाजूचा लाल रंग झाकला गेल्यावर जे उरले ते पाण्यात कालवलेल्या जांभळाच्या रसासारखे होते, आणि शेजारचा उन्हातला भाग भाजलेल्या विटेसारखा. अल्ट्रामरीन या निळ्यात थोडा क्विनाक्रिडोन रोझ हा गुलाबी मिसळून मी तो रंग कागदाच्या कडेला लावला, तर थंडीने त्यात नेच्याच्या पानासारखे बर्फाचे काटे उमटले. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आणि ही सावली मी कोऱ्या कागदावर देतही नाही. आधी रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना या मातकट पिवळ्या-तांबूस रंगांचा उबदार वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सगळ्या भिंतीवर देते, तो पूर्ण वाळू देते, आणि मग सावलीचा पारदर्शक थर एकाच फटक्यात, म्हणजे खालचा लाल त्यातून दिसत राहतो. जूनमध्ये तिथे वॉश बघता बघता वाळतो. पुन्हा ब्रश फिरवला की चिखल होतो. ‘युक्ती’ म्हणण्याइतके ते सोपे असते तर मी तरी तक्रार केली नसती.

एका ठिकाणी आपले म्हणणे लागू पडते. अरुंद घळीत समोरची उन्हातली भिंत आपला नारिंगी उजेड सावलीत फेकते आणि सावली तापल्या तव्यासारखी लाल दिसते. ॲरिझोनातल्याच अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीचे फोटो पाहून आपला समज झाला असावा. माझ्या सहाही चित्रांत अशी घळ नाही, त्यामुळे तो मुद्दा इथे गैरलागू आहे.

‘पाण्याचे माध्यम वाळवंटाला शोभत नाही’ या मताला काय उत्तर द्यायचे? चित्रकार टॉमस मोरान १८७३ मध्ये कॅन्यनचा संशोधक जॉन वेस्ली पॉवेल याच्याबरोबर तिथे गेला. त्यावरून केलेले त्याचे भव्य तैलचित्र अमेरिकी काँग्रेसने १०,००० डॉलरना घेतले, पण त्याची जागेवरची रंगटिपणे जलरंगातली. स्वीडनमध्ये जन्मलेला चित्रकार गुन्नार विडफोर्स तर कॅन्यन मुख्यतः जलरंगात रंगवत राहिला आणि १९३४ मध्ये तिथल्याच दफनभूमीत विसावला. पांढरा अपारदर्शक रंग वापरणे ही आपल्याला लबाडी वाटते; इंग्लिश चित्रकार टर्नर निळ्या कागदावर तेच करत असे.

‘चित्रांत कॅन्यनचा आवाका कुठेच जाणवत नाही, ना झाड ना माणूस, सगळे फुटक्या विटेएवढे वाटते,’ असेही आपण लिहिले आहे. तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडत नाही. सहापैकी दोन चित्रे फोटोवरून केली आहेत. ती कोणती हे आपण ओळखले असते, तर त्याविषयी बोलता आले असते.

जाता जाता ‘कागद कोणता वापरता?’ असे आपण मला विचारले आहे. एवढे सगळे ऐकवून झाल्यावर आपल्याला तो कशासाठी हवा आहे ते कळले नाही, पण सांगते : ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण सुती, मध्यम खरखरीत.