वाटेची वळणे उगाच काढलेली नसतात

आज सकाळी वनातल्या पायवाटेवर जे पाहिले, त्याचा राग अजून उतरलेला नाही. उतारावर जिथे वाट वळण घेते, तिथून लोकांनी सरळ खाली उतरू नये म्हणून स्वयंसेवकांनी वाळक्या फांद्या आडव्या रचून ठेवल्या होत्या. एका मोठ्या गटाच्या पुढे चालणाऱ्या गृहस्थांनी त्या फांद्या उचलून बाजूला भिरकावल्या आणि मागच्या सगळ्यांना, त्यांत लहान मुलेही होती, त्या मोकळ्या झालेल्या जागेतून सरळ खाली नेले. मी हटकले तेव्हा "वन सगळ्यांचे आहे" एवढेच त्यांनी ऐकवले. त्यातून वाचला असेल तो फार तर दोन मिनिटांचा वेळ.

वन सगळ्यांचे आहे, म्हणूनच तर कुणीतरी तिथे फांद्या रचल्या होत्या. स्वतःच्या मालकीची जागा असती, तर त्या गृहस्थांनी ती अशी तुडवू दिली असती का?

काही वर्षांपूर्वी याच वाटेच्या डागडुजीसाठी आम्ही श्रमदानाला गेलो होतो. आमच्यासोबत एक वयस्कर वनमजूर होते, ज्यांचे उभे आयुष्य वाटा काढण्यात आणि राखण्यात गेले होते. दुपारी पावसाची जोरदार सर आली आणि आम्ही कुदळी-फावडी उचलून आडोशाला निघालो, तेव्हा त्यांनी आम्हांला परत बोलावून वळणावर उभे केले. "आता बघा. कोरड्यात वाट कळत नाही," ते म्हणाले. वरच्या अंगाने आलेले पाणी वाटेवर उतरले आणि वाटेचा खालच्या बाजूचा काठ किंचित कलता ठेवलेला असल्यामुळे ती आडवी ओलांडून पालापाचोळ्यात पसरून मुरून गेले. मग त्यांनी हाताच्या अंतरावरची, लोकांनी पायांनी पाडलेली सरळ आडवाट दाखवली. तिथे तेच पाणी गढूळ होऊन, वेग घेऊन, माती ओढत खाली धावत होते.

सगळी गोष्ट एवढीच आहे आणि ती समजायला कुणी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. वाटा आखणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा असतो: डोंगराच्या बाजूचा जेवढा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला देऊ नये आणि एकूण वाटेचा सरासरी चढ साधारण दहा टक्क्यांच्या, म्हणजे शंभर मीटर अंतरात दहा मीटर चढाच्या, आत ठेवावा. ही मर्यादा मोडली की पाणी वाट ओलांडत नाही, वाटेनेच वाहू लागते. पहिल्या पावसात बारीक ओघळ पडतो, पुढे त्याची घळ होते, मुळे उघडी पडतात, मग चालणारे त्या घळीत पाय घालायचे टाळून कडेने चालतात आणि कडही मरते. माणसाच्या पायांखाली मातीतली पोकळी दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पाय ठेवताच निसटून जाणारा मातीचा एक सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात.

"माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार," हे वाक्य मला सर्वांत असह्य वाटते, कारण खरी परिस्थिती त्याच्या नेमकी उलट आहे. मळलेल्या वाटेवर आणखी शंभर माणसे चालली तरी तिथे फारसा फरक पडत नाही, पण न तुडवलेल्या जागेवरच्या झाडोऱ्याचे बहुतेक नुकसान सुरुवातीच्या थोड्याशा पावलांतच होते. शिवाय पहिल्याच्या पावलांचे ठसे दुसऱ्याला आमंत्रण देतात. त्या वनमजुरांनी फांद्या रचायला शिकवताना हेच बजावले होते की, फांद्यांनी माणूस अडत नाही, वाट दिसेनाशी व्हावी म्हणून त्या टाकायच्या असतात. आज त्या गृहस्थांनी नुसत्या फांद्या काढल्या नाहीत, पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती जागा दाखवून ठेवली.

चिखल दिसला की वाटेच्या बाहेरून वळसा घालणारेही यातलेच. चिखलातून मधोमध चालावे, बूट घरी गेल्यावर धुता येतात. पावलांचा परिणाम तर वाटेपुरताही राहत नाही: न्यूझीलंडमधल्या वायटाकेरे डोंगररांगांमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग मातीतून पसरतो आणि ती माती बुटांना लागून दूरवर जाते, म्हणून 2018 मध्ये तिथले वनक्षेत्र लोकांसाठी बंद करावे लागले. कुठे पाय ठेवायचा हा ज्याच्या-त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या वृक्षांचा विचार करावा.

मान्य आहे, काही वाटा मुळातच वाईट आखलेल्या असतात. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना 1921 मध्ये मांडली गेली, 1937 मध्ये ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट पूर्ण झाली आणि तिचेही सरळ डोंगरमाथ्याकडे चढणारे अनेक टप्पे पुढे सोडून देऊन आडव्या उतारांवरून नव्याने काढावे लागले. जिथे लोक वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी वाट सोडतात, तिथे आखणाऱ्यानेही एकदा पुन्हा पाहावे, हेही कबूल. पण ते काम कुदळ हातात घेऊन आणि पाण्याचा ओघ पाहून करायचे असते, घाईत असलेल्या गटप्रमुखाच्या मर्जीने नव्हे.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे आणि आता त्या मुलांचीच आठवण येते आहे. त्यांतली एक मुलगी फांद्यांपाशी घुटमळली होती. तिला काहीतरी चुकते आहे असे वाटत असावे, पण मोठी माणसे पुढे गेलेली पाहून तीही उतरली. तिला त्या पावसात त्या वनमजुरांशेजारी पाच मिनिटे उभे करता आले असते, तर पुढे कुणी तिला समजावायची गरज पडली नसती. आम्हांलाही त्यानंतर कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

माझ्या ओळखीतले अनेक जण गटांना वनात नेतात, त्यांना हे कळकळीने सांगते. वळण येण्याआधीच थांबून सगळ्यांना सांगा की वाट सोडायची नाही, आणि मुलांना त्याचे कारणही सांगा. पुढे एक आणि शेवटी एक जाणता माणूस ठेवा, कारण वाट बहुधा मागे रेंगाळलेले लोक गटाला गाठण्याच्या घाईत सोडतात. रचलेल्या फांद्या विस्कटलेल्या दिसल्या, तर जमिनीवर पडलेल्या वाळक्या फांद्या आणि पाला ओढून ती जागा पुन्हा झाका. जिवंत झुडपे तोडू नका आणि वाटेचे पाणी बाहेर काढणाऱ्या आडव्या चरात काही टाकू नका.