सूचक घुबड, अनुमोदक अननस

रविवारी रात्री साडेनऊला मी बेडरूमचं दार लोटून घेतो, कानाला हेडफोन लावतो आणि एका घुबडाशी भांडायला बसतो. घुबड पोलंडचं आहे. पाठोपाठ ब्राझीलहून एक अननस येतो. तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो आणि त्याच्या तोंडात घास असतो. व्हिएतनामचा टोपीवाला कुत्रा जांभया देत असतो, कारण त्याच्याकडे अकरा वाजलेले असतात. या मंडळींची खरी नावं मला ठाऊक नाहीत, चेहरे पाहिलेले नाहीत. क्रिप्टोच्या जगात ते विचारणं असभ्यपणाचं समजतात. मी स्वतः आमच्या देवघरातल्या तांब्याचा फोटो लावलाय. त्यांना ती कसलीशी ट्रॉफी वाटते. मी खुलासा केलेला नाही.

आम्ही सगळे एका चिमुकल्या क्रिप्टो नाण्याचे स्वयंसेवक. मालक नाही, कचेरी नाही, पगार तर नाहीच. मी त्यांच्या वॉलेटचं, म्हणजे नाणी ठेवायच्या ॲपचं, मराठी भाषांतर करून द्यायला म्हणून शिरलो आणि अडकलो. (व्यवहाराच्या शुल्काला तिथे गॅस म्हणतात. एकदा चाचणी करताना ‘पुरेसा गॅस नाही’ हा संदेश मोठ्यानं वाचला, तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “परवाच तर सिलिंडर लावलाय!”) एप्रिल २०२२पासून सरकारनं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावलाय. माझा नफा शून्य असल्यामुळे तो मी आनंदानं भरतो.

“लष्कराच्या भाकऱ्या,” बायको म्हणते. “आणि लष्कर तरी दिसतंय का कुठे?”

भानगड झाली ती तिजोरीवरून. आमच्या सामायिक तिजोरीच्या किल्ल्या पाच जणांकडे. त्यातल्या तिघांनी सही केली की पैसे सुटतात. तिघांनी एके दिवशी सही केली आणि नवा लोगो करवून घेतला. लोगो जुन्यासारखाच होता, फक्त डावीकडे जरा कललेला. हलकल्लोळ झाला. यापुढे प्रत्येक खर्चाचा रीतसर ठराव यावा, त्यावर मतदान व्हावं, असं ठरलं. रीतसर म्हणजे कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा मी माइक चालू केला आणि म्हणालो, “मला अनुभव आहे.”

हे वाक्य मी यापूर्वी एकदाच बोललो होतो. त्यानंतर सात वर्षं ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा सचिव होतो. इमारतीला क्रीम रंग द्यायचा की ऑफ व्हाइट, या प्रश्नावर मी राजीनामा दिला. इमारत अजून तशीच आहे. पावसानं तिला स्वतःच्या मतानुसार रंग दिलाय.

मी नियमावलीचा मसुदा मांडला. घुबडानं पहिलाच प्रश्न विचारला, “हा मंजूर करायचा तर मतदान घ्यावं लागेल. मतदानाचे नियम तर यातच आहेत, आणि हा अजून मंजूर नाही. मग मतदान कुठल्या नियमानं?” लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे मी त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्यानं सहानुभूतीनं विचारलं, लग्न कुणाचं आहे? शेवटी ‘कुणाची हरकत नसेल तर मसुद्यातले नियम मसुद्यालाच तात्पुरते लागू’ असं ठरलं. कुत्रा झोपला होता. त्याचं मौन संमती धरलं.

मग मताचा प्रश्न. सहकारी सोसायटीत एक सभासद, एक मत. तुमचा टेरेस फ्लॅट असो की वन आरके, हात एकच वर होतो. इथे एक नाणं, एक मत. आमच्यात एक देवमासा आहे. ज्याच्याकडे डोंगराएवढी नाणी त्याला या धंद्यात व्हेल म्हणतात. याच्याकडे ३८ टक्के. तो कधी बोलत नाही, कुणी त्याला ऐकलेलं नाही, पण बोलताना सगळे तो ऐकतोय अशा बेतानं बोलतात. मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं की हे सरंजामशाहीचं लक्षण आहे, माणशी एक मत पाहिजे.

“माणूस मोजणार कसा?” अननसानं विचारलं. “मी आज रात्रीत दोनशे वॉलेट उघडतो. मोज.”

मी गप्प झालो. आमच्या सोसायटीत ३०२चे गृहस्थ कितीही पोचलेले असले तरी दोनशे चेहरे घेऊन सभेला येत नाहीत. मग कुणीतरी वर्गसंख्येच्या हिशोबाची मतपद्धत काढली: एका मताला एक नाणं, दोन मतांना चार, दहा मतांना शंभर. म्हणजे श्रीमंताला मतं महाग पडत जातात. मला ही कल्पना फार आवडली. पाच मिनिटं आवडली. पण देवमाशानं स्वतःचे शंभर तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या हाती एकेक नाणं दिलं, की त्याच शंभर नाण्यांत दहाऐवजी शंभर मतं. गाडी पुन्हा चेहऱ्यांवर. नाणं तिथं मत यावर सगळ्यांनी निमूटपणे मान डोलावली. मी इतिवृत्तात ‘खेदपूर्वक’ हा शब्द घालून घेतला.

बरं, नियम एकदा कोडमध्ये बसवले की वाद मिटतील, अशी माझी भाबडी समजूत होती. त्यावर अननसानं २०१६ची हकिगत सांगितली. इथेरियम या क्रिप्टो जाळ्यावर ‘द डाओ’ नावाचा सामायिक फंड निघाला होता. सगळा कारभार कोडमध्ये, माणसाची ढवळाढवळ नाही. १७ जूनला कुणीतरी त्या कोडमधली फट शोधली आणि ३६ लाखांवर इथर (तिथलं नाणं) वळतं करून घेतलं. महिन्याभरानं बहुसंख्यांनी सगळी साखळीच, म्हणजे व्यवहारांची सामायिक वहीच, दुरुस्त करून पैसे परत आणले. ‘कोड म्हणजे कायदा’ म्हणणारे जुन्या साखळीवरच राहिले. तेच आजचं इथेरियम क्लासिक. मला हे चटकन समजलं. भाऊबंदकी आहे ही. मधे भिंत घातली, आडनाव दोघांनी ठेवलं.

मग दर रविवारी एकेक भूत निघू लागलं. २०२२च्या एप्रिलमध्ये बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात एकानं अफाट पैसे उसने घेतले, त्यांच्या जोरावर मतं मिळवली, तिजोरी आपल्याकडे वळवण्याचा स्वतःचाच ठराव स्वतःच मंजूर केला आणि उसने पैसे फेडले. हे सगळं एकाच व्यवहारात, आपण चहात साखर ढवळतो तेवढ्या वेळात. यावर उपाय म्हणजे ठराव मांडण्याच्या आधीच्या क्षणी कुणाकडे किती नाणी होती ते टिपून ठेवायचं, नंतर आलेली धरायची नाहीत. मी म्हणालो, मतदारयादी गोठवा. त्यांना हा शब्दप्रयोग इतका आवडला की घुबड आता ‘फ्रीज द यादी’ म्हणतं.

मला सर्वांत जवळचं वाटलं ते २०२३मधलं टॉर्नेडो कॅश या क्रिप्टोचा माग पुसणाऱ्या सेवेचं प्रकरण. एकानं ठराव आणला आणि सांगितलं, हा आधीच्या अमुक ठरावासारखाच आहे. लोकांनी मंजूर केला. आत एक जास्तीचं कलम दडलेलं होतं; त्यातून गृहस्थांनी बारा लाख मतं स्वतःच्या नावावर केली आणि कारभार ताब्यात घेतला. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करण्यात आले’ हे वाक्य मी सात वर्षं दरवर्षी स्वतःच्या हातानं लिहिलंय. त्या रात्री मला झोप आली नाही.

एका रविवारी घुबड म्हणालं, मतदानच नको. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था हात मोजत नाही. सभेत बाजूचे लोक हुंकार भरतात, मग विरुद्ध बाजूचे भरतात, आणि आवाजाच्या अंदाजानं सहमती कळते. करून पाहू. “बाजूनं असलेल्यांनी हुंकार भरा.” सतरा माणसांनी पाच देशांत हुंकार भरला. कॉलच्या सॉफ्टवेअरला तो पंख्याचा आवाज वाटला आणि त्यानं इमानेइतबारे गाळून टाकला. सगळीकडे शांतता. माझ्या हुंकारानं मात्र बायको दार उघडून आत आली. “छातीत दुखतंय का हो?”

उरली गणपूर्ती. डिक्रेडसारख्या नाण्यात २० टक्के मतं पडावी लागतात आणि त्यातली ६० टक्के बाजूनं असावी लागतात. आम्ही आमची कुवत ओळखून दहा टक्क्यांवर आलो. सोसायटीत गणपूर्तीची चिंता नसते: सभा अर्धा तास तहकूब करायची, मग जमतील तेवढ्यांत चालवायची. खरं तर तहकूब करायचीही गरज पडत नाही. नोटिशीत ‘सभेनंतर अल्पोपाहार’ लिहिलं आणि जिन्यात बटाटेवड्याचा वास सुटला की आपोआप माणसं उतरतात. इथे वड्याऐवजी हजेरीचा डिजिटल बिल्ला ठेवला. बिल्ला घ्यायला दोनशे जण आले. मतदानाचं बटण त्याच्याच खाली होतं. तिथवर अकरा पोचले.

आणि तटस्थ मत गणपूर्तीत धरायचं की नाही? यात दोन रविवार गेले. घुबडाचं म्हणणं, ‘मला मत नाही’ असं सांगायला जो येतो तो आलेला असतोच. मला ते पटलं, कारण आमच्या सोसायटीचे खजिनदार आयुष्यभर तसेच आले.

अखेर नियमावली मतदानाला गेली. सूचक घुबड, अनुमोदक अननस. सात दिवसांची मुदत, रविवारी रात्री दहाला संपणार. पावणेदहापर्यंत बाजूनं चार टक्के, विरुद्ध तीन. गणपूर्ती नाही. अननसानं जेवण थांबवलं. दहाला सहा मिनिटं कमी असताना आकडा एकदम उडाला: तटस्थ, ३८ टक्के. देवमासा वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. गणपूर्ती झाली आणि चार विरुद्ध तीननं नियमावली मंजूर झाली. कुत्रा भुंकला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला.

मी हेडफोन काढून बाहेर आलो. बायको नुकतीच वर येत होती, हातात कागदी बशी. त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा होती, हे मी साफ विसरलो होतो.

“आयत्या वेळचा विषय निघाला,” ती म्हणाली. “रंगकाम समिती नेमली. निमंत्रक म्हणून तुमचं नाव एकमतानं.”

“मी नसताना? सूचक कोण?”

“३०२चे.”

“आणि अनुमोदक?”

तिनं बशीतला एक वडा माझ्यापुढे केला. “तासभर कुणी हात वर करेना हो. वडे गार होत होते.”